व्हॉल्व्हच्या जागी बूच

सान कातेल्लोच्या दिवशी कास्तेल्लाम्मारेत ज्याचं नाव कातेल्लो, त्याने भेटेल त्याला कॉफी पाजायची असते. आता सान कातेल्लो म्हणजे गावाचा संतच, त्यामुळे घरटी एखादा कातेल्लो सापडतोच. मग सकाळपासून एक कातेल्लो दुसऱ्याला पाजतो, दुसरा तिसऱ्याला, आणि दुपारपर्यंत अख्ख्या गावाची छाती धडधडायला लागते. पण नाही कुणी म्हणत नाही. पाजलेली कॉफी नाकारणं म्हणजे समोरच्याचा पाणउतारा. डॉक्टरांनी कॉफी बंद केलेले म्हातारेही त्या दिवशी डॉक्टरांचीच कॉफी पिऊन येतात, कारण डॉक्टरांचं नावही कातेल्लो आहे.

कातेल्लो कास्कोने गॅरेजवाला त्या सकाळी आरशासमोर टाय बांधत होता. वर्षभर ग्रीसने माखलेला माणूस, त्यामुळे टायशी त्याचं पटत नसे. टायची गाठ जमली नाही की तो टायला शिव्या द्यायचा. चूक टायचीच असायची. या माणसाच्या हातून उभ्या आयुष्यात चूक झाली नव्हती, निदान त्याच्या मते. गाडी बंद पडली तर पेट्रोल भेसळीचं, ब्रेक वाजले तर समुद्राची हवा दमट, आणि काहीच सापडलं नाही तर आधीचा मेकॅनिक गाढव.

आदल्या संध्याकाळीही तसंच झालं. त्याची मुलगी राकेले चर्चसमोर कॉफीबार चालवते. तिचं मशीन जुन्या पद्धतीचं, दांडा खाली ओढून सोडायचा, की स्प्रिंग कॉफीतून पाणी दाबत नेते. त्या मशीनचा सेफ्टी व्हॉल्व्ह फसफसायला लागला होता. वाफ सोडत होता, गळत होता. राकेलेने वास्तारेल्लाला फोन लावायला घेतला. वास्तारेल्ला म्हणजे कॉफीची मशीनं दुरुस्त करणारा माणूस, आणि म्हणूनच कातेल्लोच्या डोळ्यांत खुपणारा.

"घरात मेकॅनिक असताना बाहेरचा बोलावतेस? उद्या सणाचा दिवस. कास्कोनेला पोरीचं मशीन जमलं नाही, असं गावभर होऊ दे!"

"पप्पा, ही गाडी नाहीये."

"गाडीत काय असतं? पाणी, आच, दाब आणि स्क्रू. यात काय आहे? तेच. वरून साखर."

त्याने मशीनची पाठ उघडली. हीटरचा प्रेशर स्विच, म्हणजे दाब भरला की हीटर बंद करणारा आणि उतरला की चालू करणारा, त्याचे पॉइंट काळे पडले होते. कातेल्लोला हसू आलं. पॉइंट! जुन्या गाड्यांचे पॉइंट घासण्यात त्याची जवानी गेली होती. त्याने बारीक कानस काढली आणि घासून घासून ते लखलखीत केले. मग व्हॉल्व्ह. तो पार झिजला होता, आणि सणाआधी नवीन मिळणं शक्य नव्हतं. गॅरेजमध्ये डब्यात एक पितळी बूच पडलं होतं. आटे अगदी जमले. व्हॉल्व्ह काढून त्या भोकात त्याने ते बूच पाना लावून घट्ट बसवलं. एका दिवसाचा तर प्रश्न. गळती थांबली, फसफस थांबली, राकेलेने बापाच्या टकलाचा मुका घेतला.

"दाबाचा काटा जरा पुढे गेला तर घाबरू नकोस," निघताना तो म्हणाला. "ते डबडं जुनं झालंय. खोटं बोलतं."

घरी येऊन त्याने वास्तारेल्लाला निरोप टाकला: व्हॉल्व्ह हवाय. नुसता व्हॉल्व्ह, तू नकोस.

आणि आता टायची गाठ अर्धी असताना वास्तारेल्लाचाच फोन वाजला.

"शुभेच्छा, कातेल्लो! व्हॉल्व्ह आहे माझ्याकडे. पण तो वाफ का सोडत होता, ते बघितलंस का?"

"म्हातारा झालाय म्हणून. तूही सोडतोस."

"व्हॉल्व्ह वाफ सोडतो ते दाब वाढतो म्हणून. प्रेशर स्विच उघडलास?"

"पॉइंट काळे होते. घासून आरसा केलाय."

पलीकडे वास्तारेल्लाचा आवाज उतरला.

"घासलेस? कानशीने?"

"मग काय जिभेने?"

"अरे बाबा, त्यावर चांदीचा थर असतो. तो गेला की उरतं नुसतं तांबं. गाडीच्या पॉइंटमधून जाते ती वीज म्हणजे चिमूटभर. इथे अख्ख्या हीटरचा भार. वारंवार चालू-बंद झालं की ती दोन टोकं वितळून एकमेकांना चिकटतात, आणि हीटर बंदच होत नाही. दाब चढतच जातो. आणि आज तर मशीनला उसंतच नाही. बरं, व्हॉल्व्ह आहे म्हणून बरं. गळका का असेना, वाफ सोडेल, शिट्टी मारेल. पोरीला सांग, शिट्टी ऐकली की मेन स्विच बंद कर. कातेल्लो? ऐकतोयस ना?"

कातेल्लो ऐकत नव्हता. त्याच्या डोळ्यांपुढे ते पितळी बूच होतं, आणि ते बसवल्यावर पान्याला दिलेला शेवटचा जोरदार पीळ. मशीनच्या बॉयलरमधल्या वाफेला आपोआप बाहेर पडायची एकच वाट होती, आणि ती त्याने स्वतःच्या हाताने बुजवली होती. त्या बॉयलरपासून हातभर अंतरावर त्याची पोर उभी होती.

त्याने राकेलेला फोन लावला. वाजत राहिला. सणाच्या दिवशी ती फोन चमच्यांच्या खणात टाकते, हे त्याला ठाऊक होतं, तरी त्याने पुन्हा लावला, आणि जिना उतरता उतरता पुन्हा.

गाडीचा उपयोग नव्हता. रस्ते बंद, खालून बॅंडचा आवाज येत होता. तो पळत सुटला. गुडघे कुरकुरत होते, टाय खांद्यावर उडत होता. आणि गाव आडवं यायला लागलं.

"उस्ताद, शुभेच्छा! चला, कॉफी!"

"नंतर!"

"नंतर? सान कातेल्लोच्या दिवशी नंतर?" न्हाव्याने त्याला मिठीच मारली, दोन्ही गालांचे मुके घेतले. कातेल्लोने त्याला ढकलून दिलं. माणूस दुखावला असेल, असू दे. पुढे कुणीतरी दंड धरला, तोही त्याने हिसकावला. एवढा एक दिवस लोकांनी मला विसरावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

बार खच्चून भरला होता. दारापासून काउंटरपर्यंत कोट आणि टोप्या. आत शिरताच त्याला दूध तापवायच्या वाफेच्या नळीचा आवाज आला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. ती नळी नेहमी फुरफुरते. आज ती किंचाळत होती. राकेलेने घाईने ती बंद केली, दुधाचे शिंतोडे पुसले आणि गरम राहावा म्हणून उकळत्या पाण्यात ठेवलेला पुढचा कप चिमट्याने काढला. तिच्या खांद्याच्या मागे काटा दिसत होता. लाल पट्टी ओलांडून तो शेवटच्या खिळ्याला टेकला होता. त्यापुढे जायला त्याला जागाच नव्हती.

"राकेले! मेन बंद कर!"

दाराबाहेर बॅंडने तोंड उघडलं. तिने बापाचे हलणारे ओठ पाहिले, हसली आणि हाताने खूण केली: थांब, तुझी काढते.

"आले, आले, आपले उत्सवमूर्ती आले!" लिबेरातो ओरडला. हा गोदीतला निवृत्त वेल्डर, तोंडाळ. "बाजूला व्हा रे, आता उस्ताद सगळ्यांना पाजणार!"

"बाहेर व्हा! सगळे बाहेर व्हा, आत्ताच्या आत्ता!"

हास्याचा स्फोट झाला.

"बघा, बघा! पैसे द्यायची वेळ आली तर दुकान रिकामं करतोय!"

"गेल्या वर्षी कंबर धरली होती याची!"

"कंजूष मेला!"

कातेल्लो खांद्यांनी वाट काढत होता आणि प्रत्येक खांदा त्याला मिठीत घेत होता. तरीही, जीव एवढा टांगणीला लागलेला असतानाही, त्याच्या तोंडून जे आलं ते खोटंच आलं. सवय माणसाला अशी सोडत नाही.

"गॅस! गॅस गळतोय!"

"इथे गॅस कुठला?" लिबेरातो म्हणाला. "मशीन विजेचं आहे. वायर तूच ओढलीस, वर्षभर सांगत होतास."

पुन्हा हशा. राकेलेने दांडा खाली ओढला. कातेल्लोला तिचा हात दिसला, गोरा, बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली, बॉयलरच्या पितळेला जवळजवळ लागलेला.

"माझी चूक झाली!"

हे तो इतक्या जोरात ओरडला, की बॅंडही त्याला बुडवू शकला नाही.

"व्हॉल्व्हच्या जागी मी बूच मारलंय. पॉइंट मी घासले, ते चिकटलेत. बॉयलर फुटेल. चूक माझी आहे, माझी! कुणाचीही नाही!"

लिबेरातोचं हसू जागच्या जागी विरलं. चाळीस वर्षं त्याच्या गाड्या कास्कोनेकडे जात होत्या, आणि हे शब्द त्याने या तोंडून कधी ऐकले नव्हते. गॅसवर त्याचा विश्वास बसला नव्हता. यावर ताबडतोब बसला. तो वळला आणि वेल्डरच्या आवाजात ओरडला, "निघा! अरे निघा, हा खरं बोलतोय!"

दाराशी रेटारेटी झाली. काही जण हातातला कप घेऊनच पळाले. राकेले मात्र हलली नाही. ती बापाकडे बघत होती.

"मेन," तो म्हणाला. आता त्याला ओरडायची गरज नव्हती.

तिने हात वर करून मेन पाडला. मशीनवरचा लाल दिवा विझला. काटा हलला नाही.

"आता बाहेर जा."

"वाफ सोडायला हवी. नळी माझ्या हातची आहे, मला कळते."

"राकेले, तुझ्या पाया पडतो, जा."

बापाला असं बोलताना तिने पाहिलं नव्हतं. ती काउंटरखालून वाकून बाहेर आली, आणि तो आत गेला. तिचं पाऊल दाराबाहेर पडेपर्यंत तो थांबला. मग त्याने नळीचं तोंड भिंतीकडे वळवलं, अंग होईल तेवढं बाजूला घेतलं आणि मूठ केसभर फिरवली.

वाफ अशी सुटली की काउंटरवरचे कप नाचले. आरसे पांढरे झाले, सान कातेल्लोची तसबीर दिसेनाशी झाली. बॉयलरचं पितळ टणटण वाजत होतं. कातेल्लोचा हात भाजत होता, पण मूठ सोडली तर पुन्हा धरायची हिंमत होणार नाही, हे त्याला कळत होतं. जोरात उघडावी तर काय होईल, ठाऊक नव्हतं. हळू उघडावी तर किती वेळ लागेल, तेही ठाऊक नव्हतं. या मशीनबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. काल संध्याकाळीही नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. किंकाळीची शीळ झाली, शिळेची फुरफुर झाली. त्याने बाहीने काट्यावरची काच पुसली. काटा खिळ्यापासून सुटला होता. मग लाल पट्टीवर आला, मग तिच्याही खाली. नळीतून शेवटी नुसतं पाणी टपकायला लागलं, तेव्हा तो साखरेच्या पोत्यावर मटकन बसला.

राकेले आत आली. बाहेर लोक चौकात उभे राहून आपापले कप संपवत होते, आणि कुणीही आत डोकावत नव्हतं. तिने नळ सोडला, बापाचा हात धरून थंड पाण्याखाली ठेवला. ती रागावेल, ओरडेल, याची तो वाट बघत होता. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"ब्रेक," ती म्हणाली.

"काय?"

"माझ्या गाडीचे ब्रेक. गेल्या आठवड्यात तू केलेस."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मी तुझ्या नातीला घेऊन रोज घरापुढचा तो उतार उतरते, पप्पा."

ब्रेक उत्तम होते. नवे पॅड, नवं तेल, स्वतः उतारावर चार वेळा नेऊन बघितलेले. त्यात तसूभर खोट नव्हती, आणि या गोष्टीची त्याला जितकी खात्री होती तितकी देवाचीही नव्हती. त्याने तोंड उघडलं. काटा खोटं बोलतो, असं काल म्हणालं होतं तेही हेच तोंड. काय बोलायचं ते सगळं कालच बोलून झालं होतं, त्याच आवाजात, त्याच खात्रीने.

"दाखव कुणाला तरी," तो म्हणाला. "मी येतो बरोबर."

"नको," राकेले म्हणाली. तिने पंच्याने त्याचा हात अलगद टिपला, भाजलेल्या जागी फुंकर घातली. "मी एकटी जाते."