कप्तान फांदोनीची साक्ष

सावेरिओ लोमोन्तेने शपथ घेतली आणि अख्खं कोर्ट हसलं.

बिचारा "शपथ घेतो" एवढंच बोलला होता. पण तो आवाज! टीव्हीवरच्या जाहिरातीतल्या कप्तान फांदोनीचा. कप्तान म्हणजे चिंध्यांचा एकडोळ्या पोपट. दोन मिनिटं बेलाशक थापा मारायचा: देवमासा काखोटीला मारून मेस्सीनाची सामुद्रधुनी पोहलो, वगैरे. मालाचं नाव शेवटच्या अर्ध्या मिनिटाआधी काढायचं नाही, असा टीव्हीवाल्यांचा दंडक. म्हणून शेवटी चोच पुसून गंभीरपणे म्हणायचा, "थापा संपल्या, आता खरं ऐका!" आणि मग बिस्किटं. पोपटाच्या पोटात हात दुसऱ्याचा असे, गळा मात्र आमच्या सावेरिओचा.

त्याच गळ्याने आज भावाला वाचवायचं होतं. नुंत्सिओवर आरोप होता इथल्या गावातली पिंकीनीची तेलघाणी पेटवल्याचा. सात वर्षं तुरुंग ठरलेला. घाणी पेटली त्या दुपारी नुंत्सिओ रोमला सावेरिओच्या खोलीत तापाने फणफणत पडला होता. ते पाहणारा माणूस एकच.

"मी त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होतो..."

"आणि देवमासा कुठे होता तेव्हा?" मागून कुणीतरी ओरडलं.

मी तिसऱ्या बाकावर. हसता हसता माझ्या विजारीचं बटण उडालं ते थेट शिपायाच्या टोपीवर आदळलं, आणि त्याने बंदुकीला हात घातला. खोटं वाटत असेल तर तुमची मर्जी. न्यायाधीशांनी घंटा बडवली खरी, पण त्यांचाही ओठ दाताखाली होता. हसत नव्हता तो एकटा नुंत्सिओ. पिंजऱ्याच्या गजांवर त्याची बोटं पांढरी पडली होती.

पहिल्या बाकावरून त्यांची आई उठली. "अरे सावे, ते शेवटचं म्हण की! त्याशिवाय गप्प बसायची नाहीत ही गाढवं!"

सावेरिओने ओठ पुसले. "थापा संपल्या," तो म्हणाला, "आता खरं ऐका."

कोर्ट चिडीचूप. पाच वर्षांची सवय, दुसरं काय!

"त्या दुपारी माझा भाऊ माझ्या खोलीत होता."

कुणी हसलं नाही. नुंत्सिओची बोटं जरा सैल झाली.

पण सरकारी वकील अम्ब्रोसेत्ती बेरकी. त्याने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून साक्षीदारासमोर ठेवला.

"या वाक्यानंतर तुम्ही खरंच बोलता ना?"

"हो."

"मग या वाक्यानंतर तुम्ही काय सांगता? 'यात आहे शुद्ध लोणी.' शपथेवर सांगा, आहे लोणी?"

सावेरिओने पुड्याकडे पाहिलं. हो म्हणणं किती सोपं! तिथे तपासायला कोण बसलं होतं? नाही म्हटलं तर ते वाक्यच खोटं, म्हणजे साक्षही खोटी, म्हणजे सात वर्षं. शिवाय नोकरी गेली ती वेगळीच. नुंत्सिओ त्याच्याकडे पाहत होता, आणि ओठ न हलवता म्हणत होता: हो म्हण.

"नाही," सावेरिओ म्हणाला. "थेंबभरही नाही. चरबी आहे. कारखान्यात डोळ्यांनी पाहिलंय."

"लिहून घ्या!" अम्ब्रोसेत्ती उसळला. "साक्षीदार स्वतःच कबूल करतोय की..."

"बसा, वकीलसाहेब." न्यायाधीशांनी चष्मा काढला. आता त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "खोटं बोलायची एवढी आयती सोय तुम्ही करून दिलीत, आणि या माणसाने ती घेतली नाही. त्याची साक्ष मी मानतो."

नुंत्सिओ सुटला. बाहेर पायऱ्यांवर त्याने भावाला असं कवटाळलं की सावेरिओचे पाय जमिनीवरून सुटले. लोक टाळ्या पिटत होते. मग आई आली आणि टाळ्या थांबल्या.

"पाच वर्षं," ती म्हणाली. "रोज सकाळी दुधात बुडवून दोन. तुझ्या शब्दावर सगळ्या गल्लीला खाऊ घातली मी. शेजारच्या आन्जोलीनाच्या बाळंतपणात तिलाही, मेल्या!"

"आई, ते पोपट म्हणायचा..."

"पोपटाला मी जन्म दिला नाही." तिने नुंत्सिओचा दंड धरला. "चल रे, तुला जेवायला वाढते."

सावेरिओ त्यांच्या मागोमाग निघाला, दहा पावलांचं अंतर राखून.