न वाजवता घेतलेली घंटा

थोरलीने घंटा घेतली तेव्हा धाकटी समोरच्या दुकानात पडद्याचं कापड चाचपत होती. जरा पाठ फिरवली नाही तोच हे घडलं, असं ती नंतर म्हणत राहिली.

दोघी सख्ख्या जावा. थोरली डोंगरातल्या शाळेची मुख्याध्यापिका आणि धाकटीचं शिवणकामाचं दुकान. हिवाळा लागायच्या आधी दोघी भाड्याची जीप करून सीमा ओलांडायच्या आणि घाट उतरून पलीकडच्या बंदराच्या शहरात खरेदीला जायच्या. काय घ्यायचं ते थोरलीने ठरवायचं आणि घासाघीस धाकटीने करायची, असा त्यांचा करार होता. कारण थोरलीला भाव करता येत नसे. दुकानदाराने किंमत सांगितली की ती "बरं" म्हणायची.

या खेपेला ती फळ्याच्या बिजागऱ्या शोधत जुन्या बोटी तोडतात तिथल्या भंगार बाजारात शिरली आणि बाहेर आली ती हातगाडीवर घागरीएवढी घंटा घेऊन. काळीकुट्ट, कडेला हिरवा गंज चढलेली. अंगावर कसलीशी अक्षरं होती, पण खाऱ्या वाऱ्याने खाऊन टाकलेली.

"ताई, हे काय?"

"घंटा."

"ती दिसतेय हो. कशाला?"

"शाळेला."

"शाळेत नाहीये का?"

"ती काय घंटा आहे? रुळाचा तुकडा आहे तो. ओढ्यापलीकडे ऐकूसुद्धा जात नाही."

यावर धाकटीने हातगाडीला हात लावला. मागच्या हिवाळ्यात ओढ्यापलीकडची दोन भावंडं धुक्यात वाट चुकली होती. थोरली हाताला फोड येईस्तोवर तो रूळ बडवत बसली होती, आणि पोरं ओढ्याच्या पल्याडच, काठालगतच्या रानात फिरत होती. दुपारी धुकं विरलं तेव्हा सापडली. धड सापडली, पण त्या दिवसापासून धुकं पडलं की थोरलीच्या घशाखाली घास उतरत नसे.

"बरं, वाजते कशी?" धाकटीने विचारलं.

थोरली हातगाडीच्या चाकाकडे बघू लागली. "आतला लोलक नाहीये तिला. आणि ढिगाऱ्यात अर्धी गाडली गेली होती, तिथे कशी वाजवून बघणार?"

"म्हणजे न वाजवता घेतलीत! अहो, मडकंसुद्धा माणूस वाजवून घेतो, ताई!"

घंटा रजयांत गुंडाळून जीपमध्ये चढली, आणि घाट चढेपर्यंत धाकटीचं तोंड एकीकडे आणि थोरलीचं दुसरीकडे.

सीमेवरच्या नाक्यावर पत्र्याची लांबलचक शेड होती. लाकडी टेबलं, टेबलांवर सोडलेली गाठोडी, ब्लँकेटं, कुकर, खोक्यातला टीव्ही, कुणाचा तरी पाळणा. बाहेर ट्रकांचे हॉर्न, आत हमालांच्या आरोळ्या, कडेवर रडणारी पोरं. शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. टेबलामागे बसलेला साहेब असा की ज्याच्यापुढे उभं राहिलं की न केलेली चोरीही आठवावी. धाकटीने कापडाचे तागे, बटणं, अस्तर सगळं मुकाट्याने मांडलं. त्याने ते दोन बोटांनी उलटपालट केलं आणि रजईकडे बोट केलं.

"यात काय?"

"घंटा आहे. शाळेसाठी," थोरली म्हणाली.

रजई सुटली. साहेब उठला, वाकला, घंटेच्या तोंडात बॅटरी मारून बघत राहिला. आत वरच्या बाजूला डांबरासारखं काहीतरी थिजून बसलं होतं.

"हे काय भरलंय?"

"घेतली तेव्हापासून तसंच आहे ते."

"असं सगळेच म्हणतात. इथून एकाने पितळी खांबात सोनं ओतून नेलं होतं. तोही म्हणाला, घेतला तेव्हापासून तसाच आहे." त्याने बॅटरी विझवली. "भरीव असेल तर जप्त करून कापावी लागेल. तडा गेलेली असेल तर भंगार, भंगाराची ड्युटी कमी, स्वस्तात सुटाल. आणि धड असेल तर घंटा. तिची ड्युटी वेगळी."

"पण हे ओळखायचं कसं?" धाकटीने विचारलं.

"वाजवा."

शेडच्या मधोमध अवजड माल तोलायचा काटा होता, वर तुळईला टांगलेला. हमालाने घंटेच्या कड्यातून साखळी ओवली, ती काट्याच्या आकड्यात अडकवली आणि घंटा जमिनीपासून उचलली. खोकी ठोकायचा लाकडी मोगरा त्याने थोरलीच्या हातात दिला.

धाकटीच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं की तडा असला तर बरंच, स्वस्तात सुटू, आणि ताईंना जन्माची अद्दल घडेल. मग तिचं लक्ष थोरलीच्या हाताकडे गेलं. भरल्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प करणारी ही बाई, आणि आता मोगरा दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी होती.

"माझ्याने नाही व्हायचं गं," थोरली हळूच म्हणाली. "तू मार."

"मी?"

"मार ना."

वाजू दे रे देवा, असं धाकटी मनातल्या मनात म्हणाली आणि तिचं तिलाच नवल वाटलं. तिने मोगरा मारला, पण भीतभीत. तो कडेवरून घसरला आणि नुसतं ठप झालं. रांगेत कुणीतरी फिदीफिदी हसलं. साहेबाने पेन उचललं.

"थांबा हो!" धाकटी ओरडली. तिने पदर खोचला, दोन्ही हातांनी मोगरा धरला आणि सगळ्या प्रवासाचा राग त्यात घालून हाणला.

आवाज आला असं म्हणणं बरोबर नाही. आधी पायांखालची फरशी शहारली. टेबलावरची बटणं डबीत खुळखुळली. मग तो घंटेतून निघाला आणि शेड भरत गेला. भांड्याचा खणखणाट नव्हता त्यात. खोल, रुंद, सावकाश वर चढणारा सूर, आणि त्याच्या पोटात दुसरा, बारीक, कुणीतरी लांब उभं राहून गात असावं तसा. धाकटीच्या हाडांतून तो गेला.

गोंगाट कुठे गेला ते कुणाला कळलं नाही. हमाल डोक्यावरच्या ओझ्यासकट उभे राहिले. रडणारं पोर हुंदका अर्धवट टाकून तोंड उघडं ठेवून बघू लागलं. ट्रकवाल्यांनी खिडक्यांतून माना बाहेर काढल्या. सूर शेडबाहेर पडला, काटेरी तारेवरून गेला, दरी ओलांडून पलीकडच्या देशातल्या डोंगरावर आदळला, आणि सगळ्यांना वाटलं संपला, तेवढ्यात तिकडून परत आला. मऊ होऊन. येताना-जाताना त्याला कुणी अडवलं नाही, गाठोडं सोड म्हणालं नाही.

थोरलीच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तिने ते पुसलंही नाही.

साहेबाने चष्मा काढून टेबलावर ठेवला होता. चष्म्याविना तो अगदीच साधा दिसत होता, कुणाचाही मामा असावा तसा. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. पलीकडच्या नाक्याचा फोन. हमालांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन नाक्यांमध्ये फोन व्हायचा तो भांडणापुरताच.

"हो... हो, आमच्याकडेच," साहेब म्हणाला. "घंटा आहे. नाही नाही, कसला इशारा नाही. शाळेची आहे." मग तो बराच वेळ ऐकत राहिला आणि फोनवर हात ठेवून धाकटीकडे वळला. त्याचा आवाज उतरला होता. "ते विचारतायत, पुन्हा एकदा वाजवाल का? त्यांच्याकडची माणसं बाहेर येऊन उभी राहिलीत."

धाकटीने बाहेर पाहिलं. आडव्या दांड्यापलीकडे खरंच माणसं उभी होती. गणवेशातली, गाठोडीवाली, एक म्हातारी दोघांच्या आधाराने. सगळ्यांची तोंडं इकडे.

"ताई, आता तुम्ही," ती म्हणाली आणि मोगरा पुढे केला.

या खेपेला थोरलीने घेतला.

सूर पुरा विझेपर्यंत कुणी हललं नाही. मग पलीकडून कुणीतरी हात वर केला आणि अलीकडच्या हमालाने, का कोण जाणे, आपलाही केला. साहेबाने चष्मा चढवला, पावती फाडली आणि घंटेची ड्युटी घेतली. पैचीही सूट दिली नाही. मात्र जीपपर्यंत स्वतः आला आणि रजया नीट खोचल्यात का ते बघून गेला.

जीप घरच्या वाटेला लागली. धाकटी मागच्या बाकावर घंटेला टेकून बसली होती. जीप खड्ड्यात आदळली की रजईच्या आत घंटा हलकेच हुंकारायची आणि तिच्या पाठीला कळायचं. ड्रायव्हरच्याही ते लक्षात आलं असावं. एरवी गाणी लावल्याशिवाय ज्याचं स्टिअरिंग फिरत नसे, त्याने रेडिओला हात लावला नाही.

लोहाराकडून लोलक करून घेतला आणि घंटा शाळेच्या पडवीत टांगली ती सुट्टीच्या दिवशी. शाळा भरेपर्यंत थांबायचं ठरलं होतं, पण थोरलीला धीर कुठला! तिने दोर ओढला. दोघी पडवीत उभ्या राहून ऐकत राहिल्या, सूर ओढा ओलांडून वरच्या वस्त्यांकडे चढत गेला. थोड्या वेळाने चारी पायवाटांवर ठिपके दिसू लागले. पोरं येत होती. कुणी दप्तर घेऊन, कुणी उलटा सदरा चढवून, आणि सगळ्यांत मागून ओढ्यापलीकडची ती दोन भावंडं, धापा टाकत.

"बाई, आज सुट्टी ना?" धाकट्याने विचारलं.

"सुट्टीच आहे," थोरली म्हणाली. "मग आलात कशाला?"

त्याने घंटेकडे पाहिलं. धाकटीने त्याला कडेवर उचललं आणि दोर त्याच्या हातात दिला.