ताडपत्रीखालचा माल

पंक्चर झालेल्या ट्रकच्या जॅकखाली फळी सरकवताना कोंबडीवाल्याचा खांदा ताडपत्रीला घासला आणि तिच्या फाटक्या कोपऱ्यातून मूठभर चुरा त्याच्या कॉलरमध्ये पडला. मान झटकत तो उठला. त्याने चुरा बोटांत चोळून पाहिला. मक्याचा दाणा नव्हता तो. जनावरांच्या खाद्याच्या कांड्यांचा भुगा होता, हिरवट, ओलसर आणि कुबट वासाचा.

"मका आहे ना आत?" त्याने तरीही विचारलं.

ट्रकवाला रस्त्यावर आडवा होऊन नट सैल करत होता. "कसला मका? परत चाललाय माल. बुरशी लागलीय सगळ्याला. दुकानदार ठेवून घेत नाहीत, मग कारखान्यात नेऊन टाकायचा."

"आजच?"

"आजच कुठलं! थंडी संपल्यापासून हेच चाललंय. जाताना भरून, येताना रिकामे." त्याने हात मागे केला. "काका, तेवढा मोठा पाना द्या."

कोंबडीवाल्याने पाना दिला.

त्याचं फाटक खाद्याच्या कारखान्याच्या रस्त्यावरच होतं. रोज सकाळी खुराडी उघडताना त्याला ताडपत्री बांधलेले ट्रक कारखान्याकडे जाताना दिसायचे. टायर दबलेले, इंजिन कण्हत असलेलं, म्हणजे माल भरपूर. कारखान्यात भरपूर माल जातो म्हणजे मका जातो, मका जातो म्हणजे खाद्य खपतं, आणि खाद्य खपतं म्हणजे शेअर वर जाणार. इतकं सरळ होतं ते. एकाही ट्रकवाल्याला थांबवून विचारावं असं त्याला कधी वाटलं नाही. विचारण्यात कमीपणाच वाटला असता, कारण नुसतं बघून ओळखणारा माणूस म्हणूनच तर टेबलावर त्याला मान होता.

टेबल म्हणजे बी-बियाण्यांच्या दुकानामागच्या खोलीतलं टेबल. बाजार उघडायच्या आधी तिथे चौघं जमायचे: दुकानदार, जनावरांचे डॉक्टर, कोंबडीवाला आणि त्याची वहिनी. भाऊ गेल्यानंतर वहिनीने ओढ्याकाठची जमीन विकली होती. बँकेत पैसे पडून राहण्यापेक्षा तुम्ही सांगाल तिथे घालते, भावोजी, असं ती म्हणाली होती. भावोजींनी छाती पुढे काढून ट्रकांची गोष्ट सांगितली होती. मग सगळ्यांनीच कारखान्याचे शेअर घेतले. वहिनीने जमिनीचे निम्म्याहून जास्त पैसे त्यात घातले, आणि उरलेल्यावर तिचं घर चालत होतं.

टेबलाचा एकच नियम होता. घ्यायचे असोत की विकायचे, आधी इथे बोलायचं. कारखाना लहान, त्याचे शेअर घेणारे बाजारात एखाददुसरे. एकाने गुपचूप काढले की भाव पडायचा आणि बाकीचे हात चोळत बसायचे. पूर्वी एकदा असं होऊन चांगलीच जुंपली होती, तेव्हा डॉक्टरांनीच हा नियम घातला होता.

ट्रक गेल्यावर कोंबडीवाला खुराड्यात शिरला. कोंबड्या पायांत घुटमळू लागल्या, आज त्यांच्यासाठी काहीच आणलेलं नव्हतं. त्याने फोन काढला. आधी टेबलावर सांगायचं, हे त्याला पाठ होतं. पण टेबलावर सांगितलं की चौघेही एकदम विकायला धावणार, आणि घेणारा एखादाच. मी सांगणारच आहे, तो स्वतःला म्हणाला, बाजार उघडला की लगेच सांगतो. आधी माझं तेवढं मोकळं होऊ दे. त्याने आपले सगळे शेअर विकायला लावले. एवढ्यावरही हाव संपली नाही. भाव त्याने कालचाच लावला, एक पैसाही कमी नाही.

फोन खिशात टाकताना आपण चोरासारखे इकडेतिकडे बघतो आहोत हे त्याच्या लक्षात आलं. बघायला कोंबड्यांशिवाय कोणी नव्हतं.

दुकानामागच्या खोलीत चहा गाळला जात होता. बियाण्यांची पाकिटं, फवारणीचे पंप, वजनकाटा यांतून वाट काढत तो आपल्या खुर्चीपर्यंत आला. भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याने मुद्दाम बघितलं नाही आणि तरीही बाजार उघडायला थोडाच वेळ उरला आहे हे त्याला कळलं.

डॉक्टर रंगात आले होते. "गाईने वासरू दिलं. मालक खूश. पुसतोय, गोंजारतोय, बायकोला हाका मारतोय. मी म्हटलं, अहो, मागे बघा. तर दुसरं उभं! केव्हा आलं कुणालाच पत्ता नाही. गाय बिचारी दोघांकडे बघतेय, हे कुणाचं म्हणून."

दुकानदार हसला. त्याचं हसू नेहमी आवाज न करता खांद्यांतून यायचं. "असा बोनस आपल्या कारखान्याने द्यावा एकदा."

"देईल की," वहिनी म्हणाली. ती भोपळ्यांची पिशवी पायाशी ठेवून बसत होती. दुकानदाराला ती भाऊ म्हणायची. "रानडुकरांनी काल सगळा वेल नांगरून ठेवलाय. हे दोन वाचले. भाऊ, एक तुम्हाला, एक डॉक्टरांना. भावोजींना काही नाही, त्यांच्या कोंबड्यांनी माझी मेथी खाल्लीय."

"कोंबड्यांना समजावून सांगतो," कोंबडीवाला म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"आणि मी एक बोलायचं म्हणून बोलून टाकते," वहिनीने चहाचा कप ओढून घेतला. "नियम म्हणजे नियम. मी आज आणखी घेतेय. कारखान्याचेच. राहिलेले सगळे पैसे."

कोंबडीवाल्याने कप उचलला होता, तो तसाच परत ठेवला.

"सगळे?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळे. ठेवून काय करू? कौलं बदलायचीत, त्याला तेवढे पुरत नाहीत. भावोजी म्हणतात ट्रक थांबत नाहीत, मग मी कशाला थांबू? काल लेकीने माझ्या फोनवरून लावूनच दिलं, बाजार उघडला की होईल. काय भाव असेल त्या भावाने, मिळतील तेवढे."

आजचा घेणारा कोण, हे कोंबडीवाल्याला आता कळलं होतं. तो एखाददुसरा माणूस समोर बसून चहात साखर ढवळत होता. खुराड्यात उभं राहून त्याने जे विकायला काढलं होतं ते आपल्याच वहिनीच्या गळ्यात मारायला काढलं होतं.

गप्प बसलो तर, त्याच्या मनात आलं. कुणाला कळणार? कुणाचा शेअर कुणी घेतला हे कुठे लिहून येतं? कौलं काय, पुढच्या वर्षी बदलता येतील, मीच मदत करीन. हा विचार इतका सोयीचा होता की त्याला स्वतःची शिसारी आली.

"भावोजी, बरं नाही का?" वहिनीने विचारलं.

"वहिनी, घेऊ नका."

"काय?"

"शेअर घेऊ नका. लावलेत ते रद्द करा. आत्ता." तो भराभर बोलू लागला. "ट्रकांमध्ये मका नाही. सकाळी एक ट्रक माझ्या फाटकाशी पंक्चर झाला. बुरशी लागलेलं खाद्य आहे सगळं. दुकानांतून परत जातंय. थंडी संपल्यापासून. मी बघत होतो तो सगळा परत चाललेला माल होता."

डॉक्टरांनी टेबलावर हात आपटला. "तरीच! तरीच म्हटलं, गोठ्यागोठ्यांत जनावरांची पोटं बिघडतायत कशाने. मी पाण्याला दोष देत बसलोय!"

दुकानदाराने गाळणी धुतली, झटकली आणि खिळ्याला अडकवली.

वहिनी कोंबडीवाल्याकडे बघत होती. नवऱ्याच्या आजारपणात इस्पितळातल्या डॉक्टरांसमोर बसून ती अशीच बघायची, खरं बोलतात की धीर देतात ते जोखत. "सकाळी कळलं तुम्हाला?"

"हो."

"मग तुमचे?"

घसा खाकरून वेळ काढावा असं त्याला वाटलं. "विकायला लावलेत."

"इथे यायच्या आधी?"

"आधी."

"सगळे?"

"सगळे."

डॉक्टर खिडकीबाहेर बघू लागले. वहिनीने पिशवीतून फोन काढला. तिला त्यातलं फारसं कळत नसे. कोंबडीवाला उठून तिच्याकडे गेला. "द्या, मी रद्द करतो. पटकन होतं."

तिने फोन छातीशी धरला. "तुम्ही हात लावू नका."

"वहिनी, वेळ नाही..."

"मी काय म्हणते ते ऐकू आलं ना? भाऊ सख्खा होता तुमचा. त्याच्या जमिनीचे पैसे आहेत हे." तिचा आवाज चढला नाही, उलट बसला, आणि कोंबडीवाल्याला तेच सहन झालं नाही. तो दोन पावलं मागे सरकला. तिने फोन दुकानदारापुढे धरला. "भाऊ, तुम्हीच करा. तुमचाच आधार आहे आता."

"आणा, आणा," दुकानदार म्हणाला. त्याने हात टॉवेलला पुसले आणि फोन घेतला. "कुठे असतं ते... थांबा हां. बारीक अक्षरं आहेत फार." त्याने गल्ल्यावरचा चष्मा आणायला सांगितला. डॉक्टरांनी आणून दिला. दुकानदाराने काचांवर हाः केलं, सदऱ्याच्या टोकाने एक काच पुसली, उजेडात धरून पाहिली.

"भाऊ, लवकर," वहिनी म्हणाली.

"घाईत भलतंच बटण दाबलं जातं, वहिनी. एकदा माझं झालंय तसं." तो दुसरी काच पुसू लागला.

"मी सांगतो कुठे दाबायचं," कोंबडीवाला टेबलावरून वाकला. "खाली, डाव्या हाताला..."

"तू बस रे," दुकानदार शांतपणे म्हणाला. "तुझं तू करून बसलायस, आता गप्प राहा."

कोंबडीवाला बसला. घड्याळाचा काटा पुढे सरकला तेव्हा दुकानदार चष्म्याची दांडी कानामागे बसवत होता.

वहिनीचा फोन त्याच्या हातात वाजला. सौदा झाला की चौघांच्याही फोनवर एकच घंटा वाजायची, टिंग. ती वाजली आणि तिच्या पाठोपाठ, ती विरायच्या आतच, खोलीत दुसरी टिंग वाजली.

वहिनीने डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी हळूहळू मान वळवून कोंबडीवाल्याच्या खिशाकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. शरमेने कोंबडीवाल्याचे कान तापले. पण त्याच्या खिशात काही थरथरलं नव्हतं. त्याने फोन काढून पाहिला, मग पुन्हा पाहिला. त्याचे शेअर कालच्या भावाला तसेच पडून होते. कुणीतरी त्याच्याहून कमी भावात आधीच काढून ठेवले होते, आणि वहिनीचे पैसे तिकडे गेले होते.

त्याने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, पडदा वर करून, सगळ्यांना दिसेल असा.

आधी डॉक्टरांनी तो वाकून वाचला. मग त्यांनी आपल्या खिशातला फोन काढून शेजारी ठेवला. त्यावरही काही नव्हतं. ते सावकाश सरळ झाले आणि सभोवार बघू लागले, जणू ही खोली त्यांनी आजच पाहिली. भिंतीशी कारखान्याच्या खाद्याची पोती रचायची फळ्यांची मांडणी होती. ती स्वच्छ झाडलेली होती, रिकामी. केव्हापासून रिकामी होती? रोज तिच्याकडे तोंड करून बसत होते चौघं. माल परत पाठवणारे दुकानदार कोण, हे ट्रकवाल्याला विचारायचं कोंबडीवाल्याला सुचलं नव्हतं. विचारायची गरजही नव्हती.

"झालंच की हो," दुकानदार म्हणाला. "उशीर झाला जरा." वहिनीचा फोन अजून त्याच्या हातात होता, आणि सदऱ्याच्या पातळ खिशातून दुसऱ्या फोनचा उजेड दिसत होता. त्याने त्यावर हात ठेवला, छातीत कळ आल्यावर ठेवतात तसा.

वहिनीने भोपळ्यांची पिशवी उचलून हाताला अडकवली. दोन्ही भोपळे आत होते. मग तिने रिकामा हात टेबलावरून पुढे केला.

"चष्मा पुसून झाला असेल," ती म्हणाली, "तर माझा फोन द्या."