गोगलगाईचा एप्रन

मिरची हे काही तिचं घरचं नाव नव्हे. शेतकी शाळेत आल्या आल्या, रोपांना आधी पाणी कुणी घालायचं यावरून ती झारी हातात घेऊन अख्ख्या वर्गाशी भांडली, आणि वसतिगृहातल्या मुलींनी तिथल्या तिथे तिचं बारसं केलं. तिला ते नाव आवडलं. निदान ते तिचं एकटीचं तरी होतं. बाकी जन्मापासून तिच्या वाट्याला जे काही आलं, त्यात मामेबहीण अर्धी भागीदार होती.

मामेबहीण वयानं जेमतेम काही महिन्यांनी धाकटी. मिरचीला नवा फ्रॉक आला की तिला आणखी बरा दिसणारा यायचा. मिरचीनं वाक्य पाठ करावं तर हिला कविता यायची. "बघ जरा तुझ्या मामाच्या मुलीकडे," हे आईचं ठरलेलं वाक्य. मिरचीनं मामाच्या मुलीकडे इतकं बघितलं होतं की आता तिला ती डोळे मिटले तरी दिसायची. दहावीनंतर मिरचीनं हट्टानं शेतकी शाळा निवडली, कारण तिथे तरी ही येणार नाही. तर मामा म्हणाले, "वा, दोघींना सोबत होईल."

मामेबहीण हळू बोलायची, हळू चालायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मिरचीनं मनातल्या मनात तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. लोकांना वाटे, किती गरीब पोर! मिरचीला पक्कं ठाऊक होतं की ही गरिबी म्हणजे नुसतं ढोंग आहे. फक्त ते अजून उघडं पाडता आलं नव्हतं, एवढंच.

शाळेत सगळं काम हातानं करायचं. सकाळी मातीचे प्रकार शिकायचे आणि दुपारी तीच माती नखातून काढत बसायचं. कुणी भाजीच्या वाफ्यांवर, कुणी कोंबड्यांकडे, कुणी खताच्या खड्ड्यावर. खड्ड्यावरच्या मुलांशेजारी जेवायला कुणी बसत नसे, आणि तेही त्याचा पुरेपूर फायदा घेऊन वाढपाच्या रांगेत पुढे घुसत. पण मिरचीचा जीव अडकला होता गोठ्यात. पुढच्या वर्षी गोठ्यात एकच विद्यार्थी राहणार होता, गोठाप्रमुख म्हणून. दूधघराची किल्ली त्याच्या कमरेला. गाय विणार असली की हाक त्याला. मिरचीला ती किल्ली हवी होती. तिला दुसरं काहीच नको होतं, आणि ती मिळाली नाही तर तिची रवानगी भोपळ्यांच्या वाफ्यांवर होणार होती.

किल्ली कुणाला द्यायची हे प्रदर्शनाच्या दिवशी ठरणार होतं. प्रत्येकाला एक वासरी सांभाळायला दिली होती. तिला वाढवायची, तोंडाला दोराची म्होरकी घालून चालायला शिकवायची आणि रिंगणात सगळ्यांसमोर फिरवून दाखवायची. जिची वासरी शहाण्यासारखी चालेल, तिची किल्ली. मिरचीला ठिपकी मिळाली होती, गोगलगाईला भुरी.

आणि नेमका घात तिथेच झाला. वासरी आईपासून वेगळी केली की तिला बादलीतून दूध प्यायला शिकवावं लागतं. दोन बोटं दुधात बुडवून तिच्या तोंडात द्यायची. ती आचळ समजून चोखायला लागली की हात हळूहळू खाली न्यायचा, बादलीतल्या दुधात. नाक बुडतं, फुरफुर होते, निम्मं दूध आपल्या अंगावर येतं, आणि मग कधीतरी तिला कळतं. हे ज्याच्या बोटावर ती शिकते, त्याला ती जन्मभर विसरत नाही, असं गोठ्याचे सर सांगायचे. ज्या आठवड्यात हे शिकवायचं, त्याच आठवड्यात मिरची तापानं फणफणली. छातीत कफ साठला. ती आजारी मुलींच्या खोलीत बाम चोळून पडून राहिली, आणि इकडे गोगलगाईनं दोन्ही वासऱ्यांना शिकवून टाकलं.

"ताई, तुझी ठिपकी एकदम हुशार निघाली," गोगलगाय बातमी घेऊन आली होती. "दुसऱ्याच दिवशी प्यायला लागली बघ."

"कुणी सांगितलं होतं तुला?" मिरची खोकत म्हणाली.

"अगं, उपाशी राहिली असती ना."

मिरचीनं पांघरूण डोक्यावरून ओढलं. गोगलगाईच्या बोलण्याला कधीच उत्तर नसायचं, हाच तर तिचा जाच होता.

मिरची बरी होऊन गोठ्यात आली. ठिपकीनं तिच्याकडे पाहिलं, नाक वर केलं, आणि तिच्या बाजूनं चालत जाऊन गोगलगाईच्या एप्रनची कड चोखत उभी राहिली. मिरचीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं ठिपकीला खरारा केला, कोवळा चारा कापून आणला, कानामागे खाजवलं. ठिपकी सगळं घ्यायची आणि बघायची मात्र दुसरीकडे. रिंगणाच्या सरावात मिरचीनं म्होरकी ओढली की चारही पाय रोवून उभी राहायची. पलीकडून गोगलगाय नुसती खाकरली तरी हिचे कान ताठ. बाकीची पोरं फिदीफिदी हसायची. "मिरची, तूच म्होरकी घाल, ती ओढेल तुला!"

हा राग कुठेतरी निघायलाच हवा होता. तो निघाला भुरीवर. भुरीच्या कप्प्यावरून जाताना एकदा मिरचीनं तिच्या नाकावर टपली मारली. जोरात नव्हे. भुरीनं तोंड मागे घेतलं, आणि मिरचीला जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा मारली. मग ती सवयच झाली, जाता एक, येता एक. गोगलगाईची वासरी ना ही? घे मग. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मिरचीनं काहीतरी ठोकून दिलं असतं.

प्रदर्शनाच्या आधी सरांनी वर्गात वासरांच्या इंद्रियांचा धडा घेतला. "वासरू तुमचं तोंड बघून तुम्हाला ओळखतं असं वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "तेवढी तुमची तोंडं बघण्यासारखी नाहीत. त्याचं सगळं लक्ष नाकात."

वर्ग हसला. मिरची हसली नाही. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तापापासून ती रोज रात्री बाम चोळत होती. कपड्यांना बाम, एप्रनला बाम. ठिपकीचा दोष नव्हताच. तिच्या नाकाला मिरची म्हणजे औषधाची बाटली, आणि गोगलगाय म्हणजे दूध!

एप्रन सगळ्यांचे सारखेच, खाकी. दूधघराच्या दारामागे खुंट्यांवर टांगलेले असायचे. प्रदर्शनाच्या सकाळी मिरचीनं साबण लावून कडकडीत आंघोळ केली, सगळ्यांच्या आधी दूधघर गाठलं, गोगलगाईचा एप्रन चढवला आणि तिच्या खुंटीवर आपला अडकवला. एप्रनला दुधाचा आंबूस वास येत होता. इतक्या साध्या वासावर ही मुलगी जग जिंकते, असं तिच्या मनात आलं आणि पुन्हा एकदा पोटात दुखलं.

रिंगणाभोवती माणसं जमली. आईवडील, मास्तर, भोपळ्यांवर नंबर लावून दमलेली पोरं. परीक्षक म्हणून बाहेरून गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या. जाड चष्म्याच्या, बोलायला फटकळ.

मिरचीनं ठिपकीची म्होरकी धरली. ठिपकीनं एप्रन हुंगला. एक क्षण थांबली. आणि मग चालायला लागली! दोर सैल ठेवून, मिरचीच्या कुशीला कूस लावून, वळणावर वळत, थांब म्हटलं की थांबत. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. "चांगला लळा लावलाय हिनं," त्या सरांना म्हणाल्या. मिरचीला आभाळ ठेंगणं झालं. किल्ली तिला कमरेला लागत असल्यासारखीच वाटली.

मग गोगलगाय भुरीला घेऊन आली.

म्हणजे आणायला गेली. भुरी रिंगणाच्या तोंडाशीच थबकली. गोगलगाईनं चुचकारून हात पुढे केला, तशी भुरीनं झटकन तोंड बाजूला घेतलं, डोळे मिटले, कान पाडले आणि मागे मागे सरकत चक्क खाली बसली. गोगलगाय गोंधळली. तिनं पुन्हा हात पुढे केला. भुरीनं पुन्हा तोंड चुकवलं.

डॉक्टरीणबाई उठून जवळ आल्या. त्यांनी स्वतःचा हात भुरीसमोर धरला. भुरीनं तो निवांतपणे हुंगला. गोगलगाईचा हात आला की मात्र तोंड मागे.

"ही मार खाल्लेली वासरी आहे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तोंडावर मार. कोण सांभाळतं हिला?"

"मीच," गोगलगाय म्हणाली.

"मारतेस?"

गोगलगाईनं मान खाली घालून एप्रनच्या गळ्याशी नाक नेलं. मग तिनं वर पाहिलं, सरळ रिंगणापलीकडे, मिरचीकडे.

तिला कळलं होतं. मिरचीनं ठिपकीचा दोर आवळून धरला. आता बोलेल. आता ही बोट दाखवून म्हणेल, हा एप्रन माझा नाही. म्हणायलाच हवं कुणीही. मिरची असती तर केव्हाच गळा काढून ओरडली असती.

गोगलगाय पुन्हा खाली मान घालून उभी राहिली.

सरांचा चेहरा उतरला होता. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती गं," ते म्हणाले. "उद्यापासून गोठ्यात यायचं नाही. मुक्या जिवावर हात टाकणारं माणूस मला इथे नको."

ठिपकीच्या गळ्यात फीत पडली. टाळ्या झाल्या. मिरची हसायला गेली, पण हसू येईना. तिला पश्चात्ताप झाला असं कुणाला वाटेल. छे! तिचा नुसता जळफळाट होत होता. आयुष्यात पहिल्यांदा गोगलगाय हरली होती, तर हरतानासुद्धा तीच मोठी! सगळं समजून गप्प बसली! आज ना उद्या हे घरी कळणार. आई पदराला डोळे पुसत म्हणणार, "बघ, तुझ्यासाठी तिनं काय सोसलं." आणि मग मरेपर्यंत तेच ऐकायचं. लग्नात तेच, बारशात तेच, म्हातारपणी दात पडल्यावरसुद्धा तेच. नाही. खरेपणात तरी हिला एकटीला मिरवू द्यायचं नाही.

"तिच्या अंगात माझा एप्रन आहे!" मिरची किंचाळली. टाळ्या थांबल्या. "मी बदलला. आणि भुरीला मी मारते. रोज. ती माझ्या वासाला घाबरली. हिनं कधी माशीसुद्धा मारली नाही, हिला येतच नाही मारायला!"

डॉक्टरीणबाई चष्मा सावरत म्हणाल्या, "मग आत्ता का सांगतेयस?"

"ती सांगत नव्हती म्हणून!" मिरची म्हणाली आणि भोकाड पसरून रडायला लागली.

फीत गेली. किल्ली गोगलगाईच्या कमरेला लागली, आणि हे होणारच होतं हे मिरचीला कळत असूनही ती खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपू लागली. भोपळे तर नशिबी आलेच. वर सरांनी आणखी एक काम लावलं. रोज संध्याकाळी भुरीला दूध मिरचीनं पाजायचं. "जे बिघडवलंस ते तूच दुरुस्त कर," एवढंच ते म्हणाले.

भुरी तिला बघून कप्प्याच्या पार कोपऱ्यात जायची. मिरची बादली घेऊन बसून राहायची. मग निमूट बादली तिथेच ठेवून निघून जायची, तेव्हा कुठे भुरी प्यायची. गोगलगाय कमरेची किल्ली वाजू नये म्हणून मुठीत धरून कठड्यापाशी उभी असायची.

"ताई, मी बोलावू का तिला?"

"तू तोंड उघडलंस तर बघ."

मिरचीनं बाम सोडला. आवाज खाली आणला, आणि हे तिला सगळ्यात जड गेलं. हात पुढे करून नुसती बसायची, बोलायची काहीबाही, भोपळ्यांना शिव्या घालायची. भुरी कोपऱ्यातून ऐकायची. आणि एका संध्याकाळी, मिरची कंटाळून दुसरीकडे बघत असताना, तिच्या बोटांना काहीतरी ओलं, खरखरीत लागलं.

भुरी बोटं चोखत होती. मिरचीनं श्वाससुद्धा घेतला नाही. हात हळूहळू खाली नेला, दुधात. भुरीचं नाक बुडालं, फुरफुर झाली, मिरचीच्या तोंडावर दूध उडालं. ते तिनं पुसलं नाही. बादली रिकामी झाली तरी भुरी तिच्या गुडघ्याला ढुशा देत राहिली.

"पुरे झालं आता," कठड्यावरून गोगलगाय म्हणाली.

तो आवाज नेहमीचा हळू नव्हता. मिरचीनं वर पाहिलं. गोगलगाईचे ओठ आवळलेले होते आणि डोळे भुरीवरून हलत नव्हते.

"ये भुरे," तिनं हाक मारली. भुरीनं कान हलवला, पण ती जागची हलली नाही. "ये म्हणते ना! ताई, सोड तिला. तिला इतकं हाताळलेलं आवडत नाही. मला माहितीये ना, माझी वासरी आहे ती."

मिरची तिच्याकडे बघतच राहिली. हा आवाज तिला चांगला माहीत होता. आतून माहीत होता, कितीतरी वर्षं.

"इकडे ये," ती सरकून जागा करत म्हणाली. "बस इथे. पोटात फार दुखतंय ना?"

गोगलगाय आत आली आणि तिच्या शेजारी शेणातच बसली.