किरकोळ घोरणं

पैलवानाने बूट काढले, मोजे काढले, मग कमरेचा पट्टाही सोडला. मोबाइल, किल्ल्या, पाकीट असं सगळं बायकोच्या ओंजळीत रिकामं केलं. तेवढ्यानेही समाधान होईना म्हणून तो मनगटावरचं घड्याळ काढायला लागला, तेव्हा मात्र सिस्टरांना राहवलं नाही.

"दादा, आता कातडीच काय ती उरली. चढा काट्यावर."

एका हाताने पँट सावरत तो चढला. चढताना श्वास रोखून धरला. पोटातल्या हवेचंही वजन धरत असतील तर उगाच कशाला? आकडे खालीवर झाले, त्याचा जीव खालीवर झाला, आणि काटा थांबला.

"एकशे सोळा," सिस्टर दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

"लिलाव आहे का? हळू सांगा की," पैलवान पुटपुटला.

बायको हसली नाही. एरवी त्याच्या असल्या बोलण्यावर ती आधी हसायची आणि मग तोंडावर हात ठेवायची. आज ती त्याचं सामान मांडीवर घेऊन बाकावर नुसती बसून होती.

पैलवान जन्मात कुस्ती खेळला नव्हता. अंगावरून नाव पडलं होतं, आणि मोठा ट्रक चालवणाऱ्याला ते शोभूनही दिसायचं. पण लायसन्स चालू ठेवायचं तर डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, आणि ते देणाऱ्यांना पैलवान आवडत नाहीत, असं त्याला मामाने सांगितलं होतं. मामा म्हणजे काही कोणाचा मामा नव्हे. ट्रकच्या यार्डातला सगळ्यात जुना ड्रायव्हर. मागच्या वर्षी याच तपासणीत तो आपटला, आणि आता गेटवरच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या गाड्यांसाठी आडवा दांडा वर-खाली करत होता. जाता-येता सगळे त्याला हात करायचे. पैलवानाला अलीकडे त्याच्याकडे बघवत नसे. त्या खुर्चीशेजारी आणखी एक खुर्ची मावेल एवढी जागा होती.

स्वतः बुडालेल्याने पोहायला शिकवावं तसा मामाने त्याला सल्ला दिला होता. तीन आठवडे काकडी खा. यार्डाला फेऱ्या मार. आदल्या दिवसापासून पाण्याला शिवू नको, पाण्यालाही वजन असतं. आणि शेवटचं, खुर्ची जवळ ओढून सांगितलेलं:

"वजनाचं एक वेळ चालवून घेतात रे. झोपेचं विचारतात, तिथं घोडं अडतं. घरचं माणूस बरोबर आणा म्हणतात ना, ते त्याच्यासाठीच. मला माझ्याच बायकोने पाडलं. खरं बोलून बसली!"

म्हणून काल जेवताना पैलवानाने बायकोची शिकवणी घेतली होती.

"घोरतात का असं विचारलं, तर काय सांगशील?"

"थोडंसं."

"आणि झोपेत श्वास थांबतो का विचारलं तर?"

ती ताटं उचलत होती. "थांबतो की."

"अगं, थांबतो की काय! नाही म्हणायचं. मला गेटवर बसवायचंय का तुला? ट्रक सुटला तर मी करू काय? दुसरं येतंय काय मला?"

ती ताटं घेऊन नळापाशी गेली. मग "बरं, नाही म्हणेन" म्हणाली आणि नळ मोठा सोडला.

आत डॉक्टरीणबाईंनी त्याचं ब्लडप्रेशर घेतलं, छाती तपासली, आणि मग खणातून शिंप्याकडे असते तसली टेप काढून त्याच्या मानेभोवती गुंडाळली.

"मान कशाला, डॉक्टर? शर्ट शिवताय?"

"शिवला असता. पण कापड फार लागेल."

पैलवान हसला. चोराच्या मनात चांदणं असतं, त्यामुळे जरा जास्तच हसला.

डॉक्टरीणबाई टेप गुंडाळून ठेवत म्हणाल्या, "हे बघा, नुसत्या वजनावरून मी कोणाला घरी बसवत नाही. पण मान अशी जाड असली, की झोपेत श्वासाची वाट दबते. माणूस रात्रभर अंथरुणात असतो आणि झोप काही होत नाही. मग ती दिवसा येते, स्टिअरिंगवर. तुमचा दिवसा डोळा लागतो का?"

"छे हो! डोळ्यात तेल घालून चालवतो."

हे म्हणताना तो टेबलावरच्या पेनकडे बघत होता. मागच्या महिन्यात, भर दुपारी, सरळसोट रस्त्यावर त्याने डोळे उघडले होते. उघडले म्हणजे आधी ते मिटलेले होते, हे त्याच्या नंतर लक्षात आलं. समोरून दुधाची गाडी हॉर्न वाजवत अंगावर येत होती आणि चुकीच्या बाजूला तो होता. कसंबसं स्टिअरिंग मारलं. पुढे जाऊन ट्रक कडेला घेतला आणि चाकाला टेकून खाली बसला. ऊन डोळ्यांवर आलं होतं, असं त्याने स्वतःला पटवलं. बायकोला तर ताकास तूर लागू दिली नाही.

"तुम्ही सांगा हो ताई," डॉक्टरीणबाई बायकोकडे वळल्या. "हे घोरतात?"

"थोडंसं. किरकोळ."

"झोपेत मध्येच श्वास थांबतो? गुदमरल्यासारखं करून दचकतात?"

पैलवानाने बायकोकडे बघितलं. आता ही फिरते की काय! तीही त्या मामाच्या बायकोसारखी!

"नाही," बायको म्हणाली. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही.

"नक्की?"

"नाही थांबत."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं. बाकीच्या तपासण्या झाल्या की सही करते म्हणाल्या. सुटलो एकदाचा, असं पैलवानाला वाटलं. आणि सुटल्यावर जे हलकं वाटायला हवं ते काही वाटेना.

पुढचा अर्धा तास त्याची वरात या खोलीतून त्या खोलीत फिरली. डोळे झाले, कान झाले, छातीला वायरी लावून झाल्या. लघवीच्या बाटलीपाशी मात्र मामाचा सल्ला भोवला. कालपासून पाण्याचा थेंब नाही, तर बाटलीत येणार काय, कपाळ? सिस्टरांनी त्याला समोर उभं करून तांब्याभर पाणी प्यायला लावलं, आणि "वजन वाढेल हो" म्हणाला तर डोळे वटारले.

सगळं उरकून तो बाहेर आला, तर बायको बाकावर बसल्या जागी झोपली होती. मान भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, त्याचा पट्टा मांडीवरून घसरून जमिनीवर पडलेला. समोरून कोणीतरी स्टीलचे ट्रे घेऊन चाललं होतं. त्यातला एक खणखणत खाली पडला. अख्खी रांग दचकली. तिची पापणीही हलली नाही.

"वहिनी रात्रपाळी करतात का कुठे?" सिस्टरांनी विचारलं.

"कसली रात्रपाळी! घरीच असते. झोपाळूच आहे ती."

तशी ती होतीच. टीव्हीसमोर झोपायची, पाहुण्यांत बसल्या बसल्या झोपायची, एकदा गॅसवर दूध ठेवून ओट्याला टेकून उभ्या उभ्या झोपली होती. कुंभकर्णाची धाकटी बहीण, असं नाव पैलवानानेच ठेवलं होतं आणि चारचौघांत ते घ्यायचाही तोच. तीही हसायची.

तो तिच्या शेजारी बसला. बाक करकरला, तशी तिची मान भिंतीवरून घसरून त्याच्या खांद्यावर आली. तो न हलता बसून राहिला. दोन मिनिटांत सही होईल, संध्याकाळी ट्रक भरायचा, पहाटे निघायचं. मनात तो रस्ता धरू बघत होता, पण दुधाची गाडी काही समोरून हलेना.

तेवढ्यात बायकोचा हात वर आला. डोळे मिटलेलेच होते. हात चाचपडत त्याच्या छातीवरून चढला, हनुवटीला लागला, आणि पंजा त्याच्या नाकाखाली येऊन थांबला. बोटं किंचित पसरली. तिथे ती वाट बघत राहिली.

पैलवानाला काही कळेना. आश्चर्याने तो श्वास घ्यायचाच विसरला.

हात लगेच खाली आला आणि त्याच्या दंडाला धरून गदागदा हलवायला लागला.

"अहो..." ती झोपेतच म्हणाली. "घ्या ना... कुशीवर व्हा. श्वास घ्या."

तो तिच्या हाताकडे बघतच राहिला. हात आणखी जोरात हलवायला लागला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. शेवटी त्याने मोठ्याने, ऐकू जाईल असा श्वास ओढला. हात पुन्हा नाकाखाली आला, खात्री करून घेतली, आणि सैल होऊन त्याच्या मांडीवर पडला. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या.

इतकी वर्षं. म्हणजे रात्रपाळीच की ही! आणि तो बाहेरगावी, ट्रकच्या केबिनमध्ये एकटा झोपतो तेव्हा ही घरी काय करत असेल?

"चला दादा, आत बोलावलंय. सही करून देतात," सिस्टर दारातून म्हणाल्या.

"सिस्टर, डॉक्टरांना सांगा, सही करू नका म्हणावं."

"का?"

"थांबतो. श्वास थांबतो माझा. तिला मीच नाही म्हणायला लावलं होतं." मग जरा दम घेऊन म्हणाला, "दिवसा डोळापण लागतो."

सिस्टर जवळ आल्या. "अहो, मग हे आत येऊन तुम्हीच सांगा ना. उठा."

"येतो. पण आत्ताच नको, जराशाने," पैलवान दबक्या आवाजात म्हणाला. "मी उठलो तर ही जागी होईल."

आणि तो तिथेच, तिला झोपेत ऐकू जातील असे, एकामागून एक मोठे श्वास घेत बसून राहिला.