घोंगडीला विटाळ नाही

मित्रांनो, आणि त्याहून जास्त मैत्रिणींनो, मी एक जुनी काळी घोंगडी आहे. मी अंगाला टोचते म्हणून तुम्ही मला लांब ठेवता, हे मला ठाऊक आहे. ठेवा. पण माझी हकीकत ऐकल्याशिवाय उठू नका.

माझा जन्म कवठे महांकाळचा. तिकडच्या काळ्या मेंढ्यांची लोकर आकाराम सनगरांच्या घरी आली. बायकांनी ती पिंजली, कातली, आणि आकारामांनी मला मागावर विणून चिंचोक्याची खळ दिली. आष्ट्याच्या लालासाहेबांनी मला बाजारात उचललं, ओढून पाहिलं, नखानं खरवडलं आणि खांद्यावर टाकलं. ते पलटणीतून हवालदार होऊन परतले होते. पुढं मी त्यांच्याबरोबर उसाला पाणी पाजायला गेले, पाहुण्यांना बसायला अंथरली गेले, आणि देवाच्या कार्यात माझीच घडी आसन म्हणून मांडली जाई. लोकरीला विटाळ नसतो, असं सगळे म्हणायचे. ते ऐकून मी फुशारून जायची.

या कौतुकापायीच माझ्या नशिबी आणखी एक काम आलं. घरातली बाई महिन्याची बाजूला बसली, की मागच्या परड्यातल्या पडवीत तिला मी मिळायची. बायका माझ्यावर बसून हलक्या आवाजात सगळं बोलायच्या. पोट का दुखतं, कापडाची घडी कशी घ्यायची, ते धुऊन उन्हातच का वाळवायचं. ऐकून ऐकून मला ते सगळं पाठ झालं. पोरी जवळ आल्या की मात्र बोलणं बंद व्हायचं.

पंच्याहत्तर सालच्या चैत्रात एका दुपारी लालासाहेबांची नात सुला शाळेतून आली, ती दप्तर पाठीमागं धरून, भिंतीला घासत. ती सातवीत होती. परकराला डाग पडला होता. आदल्या दिवशी बांधावरून उडी मारताना ती पडली होती, त्यामुळं आत काहीतरी फाटलं आणि आता आपण मरणार, असं तिनं ठरवूनच टाकलं होतं. तिच्या आईनं, शालूबाईंनी, डाग पाहिला. पोरीला परड्यात नेलं, धुतलेलं जुनं कापड दिलं, कशाला हात लावू नको म्हणून बजावलं, मला तिच्यापुढं टाकलं आणि त्या चुलीकडं गेल्या. हे काय आहे, का होतं, कापडाचं करायचं काय, एक अक्षर नाही. त्यांना लाज वाटत होती म्हणे. पोरगी माझ्यात तोंड खुपसून रडत होती आणि आई भिंतीपलीकडं भाकरी थापत होती. मला असा संताप आला, की माझ्या कडेच्या दशा ताठ झाल्या असतील.

त्यात दुसऱ्या दिवशी गणिताचा पेपर. सुला नापास झाली तर शाळा बंद, हे लालासाहेबांनी कधीच सांगून ठेवलं होतं. नेमकी घरापुढं जोतिबाची सासनकाठी, देवाच्या निशाणाची उंच काठी, यात्रेला निघायची म्हणून उभी केली होती. परड्याला तिन्ही बाजूंनी भिंत. बाहेर पडायचं तर पुढच्या सोप्यातून, काठीसमोरूनच. बाजूला बसलेली पोर तिथून जाणार नाही, असा लालासाहेबांनी निकाल दिला. शालूबाई दाराआडून एकदाच म्हणाल्या, "मामंजी, पेपर हाय तिचा." पेपर काय पुढच्या सालीबी येतोय, असं उत्तर मिळालं आणि त्या गप्प झाल्या. त्यांचं गप्प बसणं मी वर्षानुवर्षं पाहत आले होते, पण त्या दिवशी ते मला सोसवेना.

सकाळी सुला उठली. तिनं माझी खोळ करून डोक्यावर घेतली, पायापर्यंत मला गुंडाळलं, दप्तर आत धरलं आणि सोप्याच्या दारात येऊन उभी राहिली. लालासाहेब चहा पीत होते.

"तात्या, घोंगडीला इटाळ हुतो का?"

"लोकरीला कसला इटाळ? देव बसतो तिच्यावर."

"मग ही जाईल सोप्यातनं. मी तिच्या आत हाय."

लालासाहेबांची बशी हातातच राहिली. सगळा जन्म नियमात गेलेला माणूस, आणि हा नियम तर त्यांच्याच तोंडचा. त्यांनी काठीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि उंबऱ्याकडं पसरलेला पाय आखडून घेतला. सुला निघाली.

गल्लीतली पोरं 'मेंढरू चाललं' म्हणत मागं लागली. तेवढ्यात शालूबाई धावत आल्या. विटाळाचा विचार न करता त्यांनी लेकीचा हात धरला, तिला शेजारच्या मनुबाईंच्या गोठ्यात ओढलं, आणि तिथं त्यांचं तोंड एकदाचं उघडलं. "मरत न्हाईस तू. ह्ये समद्या बायांना हुतं, मलाबी हुतं. तुज्यात कसलीच खोट न्हाई." मग घडी कशी घ्यायची, कवा बदलायची, डाग पडला तर परकर कसा फिरवायचा, वर्गातून उठायचं झालं तर बाईंना काय सांगायचं, सगळं सांगितलं. किती वेळ लागला सांगायला? एखादी भाकरी भाजून होईल तेवढा. तेवढ्यासाठी पोरीनं रात्रभर मरणाची वाट पाहिली होती.

परीक्षेत सुला माझी घडी बाकावर टाकून बसली, म्हणून डागाची धास्ती उरली नाही. ती पास झाली, शाळाही टिकली. तुम्हाला वाटेल, मग घर सुधारलं. कुठलं काय! पुन्हा कुणी घोंगडी पांघरून देवासमोरून जाऊ नये म्हणून लालासाहेबांनी परड्याच्या भिंतीला वेगळं दार पाडून घेतलं. भिंत फोडली, पण नियमाला हात लावला नाही.

आता मी विरले आहे. सुला साताऱ्याला मास्तरीण व्हायला शिकते आहे. माझ्यासारख्या वस्तूनं शेवटी म्हणायचं असतं, की आम्हाला ऊन दाखवा, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा. माझं राहू द्या. परवा सुलाची अकरा वर्षांची चुलतबहीण तानू माझ्यावर बसून गजगे खेळत होती. शालूबाई शेजारीच शेंगा फोडत होत्या. तानूनं त्यांना विचारलं, की आपल्या घराला हे मागचं दार कशासाठी आहे. शालूबाईंनी मान वर केली नाही. "मोठी झालीस की कळंल," त्या म्हणाल्या.

मैत्रिणींनो, तुमच्या घरी अशी एखादी तानू असेल, तर आजच तिला जवळ बसवा आणि सांगा. उद्यावर टाकू नका. शालूबाईंनी पुन्हा टाकलं आहे.