राहीबाईचा अर्ज

राहीबाईचा नवरा फौजेत होता. चौऱ्याहत्तर साली सुट्टी संपवून गेला तो परत आलाच नाही. तिकडंच त्यानं दुसरं घर केलं. मेढ्याकडचं सासर सोडून राहीबाई पोरीला घेऊन माधवनगरला आली आणि सांगलीतल्या अपंग मुलांच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागली.

पण जीव तिचा मुलांत. पोलिओ झालेल्या मुलांना लोखंडी पट्ट्यांचे बूट चढवणं, पाय चोळून देणं, धरून उभं करणं, सगळं ती स्वयंपाक आटोपून शिकली. त्या मुलांतली पाच वर्षांची मुक्ता तिच्याच हाताला धरून पहिली चार पावलं चालली. वसतिगृहाच्या प्रमुख विनोदिनीताई तेव्हा म्हणाल्या होत्या, सेविकेची जागा मंजूर झाली की ती तुझीच. फक्त सातवी पास हो. राहीबाई परीक्षेला बसली, पास झाली, आणि अर्ज तिनं ताईंच्याच हाती दिला. पुढं ताईंची भाची उमा वसतिगृहात यायला लागली. तिलाही राहीबाईनंच सगळं शिकवलं.

मुलाखती साताऱ्याला, संस्थेच्या मुख्य कचेरीत होत्या. तारीख शिपायाकडून कळली. पत्र आलं नव्हतं, तरी राहीबाई ठेवणीतलं लुगडं नेसून एस्टीनं गेली. कारकुनानं यादी दोनदा पाहिली. तिचा अर्ज तिथं पोचलाच नव्हता. बाकावर उमा बसली होती. ती गोंधळून म्हणाली, "मावशी तर म्हणाली, तुम्हालाच ही नोकरी नको होती."

दुसऱ्या दिवशी राहीबाईनं विचारल्यावर, अर्ज आपण पुढं पाठवलाच नाही, हे ताईंनी लपवलं नाही. उमाचं लग्न मोडलंय, तिला आधार हवा, असं त्या म्हणाल्या. तुझं स्वयंपाकाचं काम आहेच की.

"आवं ताई, न्हाई म्हणाला असता तर मी दुसरीकडं बघितलं असतं," राहीबाई म्हणाली. "वरीसभर तुमी व्हय व्हय म्हणत ऱ्हायला. आन् माझ्याच हातनं तिला शिकवून घेतलंत."

ताईंनी टेबलावरचे कागद सारखे केले.

राहीबाई मुक्ताला न भेटताच बाहेर पडली. आठवड्यानं ती सूतगिरणीत लागली.

महिन्याभरानं उमा दारात आली. मुक्ता बूट चढवू देत नव्हती, रडून रडून तापली होती. राहीबाईनं उमाला आत ये म्हटलं नाही. उंबऱ्यातूनच सांगितलं, डाव्या टाचेला कापूस घाल, वरचा पट्टा आधी ढिला ठेव, तिच्याशी बोलत राहा. उमानं विचारलं, एकदा येऊन जाल का?

"न्हाई," राहीबाई म्हणाली आणि दार लावून तिथंच खाली बसली. उमा गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, उजव्या पायाचं सांगायचं राहूनच गेलं.